`<` आणि `'` लिहिताना एडिटर नको ती जोडी लावतो : दुखणं कुठे आहे आणि उपाय काय

अट लिहायची असते, `वय < 18`. बोटं सवयीनं चालतात आणि स्क्रीनकडे नीट पाहावं तर ओळीत `वय < 18>` असं उभं असतं. शेवटचं `>` आपण दाबलेलंच नाही. एडिटरनं (कोड लिहायच्या प्रोग्रॅमनं) `<` पाहिलं, त्याला तो उघडणारा कंस वाटला आणि त्यानं जोडी पुरी करून दिली. ते खोडून पुढे जावं तर पाच मिनिटांनी पुन्हा तेच. रस्ट या भाषेत `&'अ` लिहायला घेतलं की `&'अ'` होतं. लिस्प या भाषेत `'(` लिहिलं की शेवटी एक अनाथ अवतरणचिन्ह लोंबकळत राहतं.

मी बराच काळ यावर चुकीचा उपाय करत होतो. वैतागून आपोआप जोडी लावणं सरसकट बंद करायचो. मग `(` आणि `{` यांची सोयही जायची, दोन दिवसांत तीच पुन्हा हवीशी वाटायची, सेटिंग परत चालू व्हायचं आणि `<` चा त्रास परत हजर. हे दुखणं जातं, पण सगळ्या चिन्हांना एका माळेत ओवलं तर जात नाही. प्रत्येक चिन्हाचा आणि प्रत्येक भाषेचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

एडिटर चुकतो का

`(`, `[`, `{` या तिघांना प्रोग्रॅमिंगमध्ये बहुतेक वेळा एकच काम असतं, उघडणं. `<` ला तसं नाही. ते लहान-मोठेपणाचं चिन्ह आहे, जनरिकचा (डेटाच्या कोणत्याही प्रकारावर, म्हणजे टाइपवर, चालणाऱ्या कोडचा) कंस आहे, एचटीएमएलच्या टॅगची सुरुवात आहे, दोन जोडले की बिट डावीकडे सरकवणारी शिफ्ट आहे आणि शेलमध्ये (कमांड लिहायच्या ठिकाणी) फाइलमधून वाचण्याचं चिन्ह आहे. युनिकोडनं तर ते कंसांत धरलेलंच नाही. गोल, चौकटी आणि महिरपी कंस उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या विरामचिन्हांच्या वर्गात आहेत. `<` आणि `>` मात्र `+` आणि `=` यांच्या सोबत, गणिती चिन्हांच्या वर्गात आहेत. खरे टोकदार कंस `⟨` आणि `⟩` ही निराळीच चिन्हं आहेत, पण ती कीबोर्डवर नाहीत, म्हणून भाषांनी `<` वर काम भागवलं.

या दुहेरी कामानं खुद्द भाषा घडवणाऱ्यांनाही छळलं आहे. सी++ मध्ये 2011 च्या प्रमाणाआधी एकात एक टेम्प्लेट (सी++ चे जनरिक) लिहिताना शेवटी `> >` अशी मोकळी जागा सोडावीच लागायची, कारण `>>` दिसलं की कंपायलर त्याचा अर्थ शिफ्ट असाच घ्यायचा. रस्टमध्ये फंक्शन बोलावताना टाइप द्यायचा असेल तर `::<` असं लिहावं लागतं, तेही याच गोंधळापायी. गो या भाषेनं 1.18 या आवृत्तीत, मार्च 2022 मध्ये, जनरिक आणले तेव्हा टोकदार कंस टाळून चौकटी कंस घेतले. त्यामागचं कारण या ओळीत दिसतं :

`अ, ब = क < ख, ग > (घ)`

या दोन तुलना आहेत, की `क` नावाच्या जनरिक फंक्शनला दिलेले दोन टाइप आणि एक आर्ग्युमेंट? कोणतं नाव टाइपचं आहे हे ठाऊक नसेल तर नुसती ओळ वाचून सांगता येत नाही.

आणि कंपायलरसमोर निदान पूर्ण ओळ तरी असते. एडिटरला की दाबल्याच्या क्षणी निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा उजवीकडचा मजकूर लिहिलेलाच नसतो. त्याच्या हातात असतं काय, तर डावीकडची दोन-चार अक्षरं, उजवीकडचं एक अक्षर आणि कर्सर स्ट्रिंगमध्ये आहे की कॉमेंटमध्ये एवढी माहिती. एवढ्यावर तो अंदाज बांधतो. म्हणून उपाय करताना प्रश्न असा विचारायचा : अंदाज चुकला तर कुठल्या बाजूनं चुकलेला परवडेल?

माझं उत्तर पक्कं आहे. मिटणारं चिन्ह आलं नाही तर एक की जास्त दाबावी लागते, आणि आपण ती तशीही दाबतच असतो. नको असताना आलं तर लिखाणाची लय तुटते, कर्सर उजवीकडे नेऊन खोडावं लागतं, आणि लक्ष नसेल तर ते फाइलमध्ये तसंच राहतं. तेव्हा ज्या चिन्हाला दोन कामं आहेत, त्याची जोडी मुळात लावायचीच नाही. आजूबाजूची अक्षरं ठामपणे `हा कंसच आहे` असं सांगत असतील तेवढाच अपवाद करायचा.

आधी शोधा, हे करतंय कोण

ही पायरी गाळली की तास वाया जातात. जोडी लावणारे हात अनेक असू शकतात : एडिटरचं स्वतःचं सेटिंग, भाषेचं एक्स्टेन्शन, जोड्यांसाठी वेगळं बसवलेलं प्लगिन, टॅग मिटवणारी निराळी सोय, एखादं स्निपेट (आधीच बांधून ठेवलेला कोडचा तुकडा). एका `(` वर दोन `)` येत असतील तर दोन हात एकाच वेळी काम करत आहेत, बाकी काही नाही.

व्हिम आणि निओव्हिम या एडिटरांमध्ये इन्सर्ट मोडचा मॅप (लिहिताना ती की दाबली की काय घडावं याची नोंद) `व्हर्बोज` लावून विचारला (`व्हर्बोज आयमॅप`, पुढे ते चिन्ह), तर ते कोणत्या फाइलनं बांधलंय ते नावानिशी कळतं. व्हीएस कोडमध्ये सगळी एक्स्टेन्शन बंद करून खिडकी उघडा आणि तीच ओळ टाइप करा. सी++ आणि टाइपस्क्रिप्टसाठी व्हीएस कोड `<` ची जोडी स्वतःहून लावत नाही. ती लागत असेल तर बाहेरून आलेली आहे, आणि तिचं मूळ एडिटरच्या सेटिंगमध्ये सापडणार नाही.

ईमॅक्समध्ये कर्सर चिन्हावर ठेवून `डिस्क्राइब-चार` चालवा. त्यात त्या चिन्हाचा सिंटॅक्स वर्ग, म्हणजे ते चिन्ह कोणत्या कामाचं मानलं आहे ते, दिसतो. `<` समोर `ओपन` आलं तर त्या मोडनं (त्या प्रकारच्या फाइलसाठीच्या नियमांनी) त्याला कंस मानलं आहे. `पंक्च्युएशन` आलं तर जोडीचं मूळ दुसरीकडे शोधायचं.

`<` चा बंदोबस्त

व्हीएस कोडमध्ये `ऑटो क्लोजिंग ब्रॅकेट्स` या सेटिंगला चार पर्याय आहेत : ऑलवेज, लँग्वेज डिफाइन्ड, बिफोर व्हाइटस्पेस, नेव्हर. मुळात दुसरा लावलेला असतो, म्हणजे भाषेच्या कॉन्फिगरेशनमध्ये जे लिहिलंय ते. पुष्कळ जण `बिफोर व्हाइटस्पेस` सुचवतात, म्हणजे उजवीकडे मोकळी जागा असेल तरच जोडी. आधीच्या मजकुरात मध्येच कंस घुसवताना तो खरंच उपयोगी पडतो. पण आपल्या दुखण्यावर तो औषध नाही, कारण `वय <` लिहिताना आपण बहुधा ओळीच्या शेवटीच असतो आणि तिथे ही अट पुरी होते. इथली अडचण अशी की वापरणाऱ्याच्या सेटिंगमध्ये `फक्त हे एक चिन्ह वगळ` असं लिहायची जागा नाही. ते भाषेच्या कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे एक्स्टेन्शनमध्ये ठरतं. तेव्हा एक तर त्या एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शोधायचं, नाही तर तेवढ्या भाषेपुरतं कंसांचं सेटिंग बदलायचं.

निओव्हिममध्ये जास्त मोकळीक आहे, कारण नियम स्वतः लिहिता येतो. `<` साठी मी ठेवलेली अट साधी आहे : लगेच डावीकडे अक्षर किंवा `::` असेल तरच जोडी, मोकळी जागा असेल तर नाही. `लिस्ट<` ला जोडी मिळते, `वय <` ला मिळत नाही. ही अट तुलनेच्या चिन्हाभोवती मोकळी जागा सोडण्याच्या सवयीवर उभी आहे. जो माणूस `वय<18` असं चिकटवून लिहितो, त्याला ती फसवेल. त्यानं `<` ची जोडी पूर्ण बंद ठेवलेलीच बरी.

ईमॅक्सच्या ऑर्ग मोडमधला (टिपणं लिहायच्या मोडमधला) प्रकार वेगळा आणि जरा जास्त त्रासदायक. तिथे तारखा `<` आणि `>` यांच्या आत लिहितात, म्हणून मोडनं ही दोन चिन्हं कंस म्हणूनच नोंदवली आहेत. मग त्याच फाइलमधल्या कोडच्या तुकड्यात `अ < ब` आलं की जोड्यांचा हिशेबच कोलमडतो आणि भलताच गोल कंस बिनजोडीचा म्हणून दाखवला जातो. उपाय दोन आहेत. मोडच्या हुकमध्ये (मोड सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) दोन्ही चिन्हांचा सिंटॅक्स वर्ग बदलून पंक्च्युएशन करा, म्हणजे हिशेब सुधारतो. किंवा `इलेक्ट्रिक-पेअर-इनहिबिट-प्रेडिकेट` मध्ये, म्हणजे जोडी कधी लावू नये हे ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये, `<` आलं की नकार द्या, म्हणजे निदान नको ते `>` येणं थांबतं. मी पहिला वापरतो. तारखांच्या कंसांची जुळणी दाखवली जात नाही एवढंच नुकसान होतं, आणि मला त्याची उणीव कधी भासली नाही.

याच घरातलं आणखी एक दुखणं. मजकूर निवडून `<` दाबलं की बरेच एडिटर तो मजकूर कंसात गुंडाळतात. `==` च्या जागी `<` आणायचं म्हणून `==` निवडलं आणि की दाबली, तर हातात येतं `<==>`. व्हीएस कोडमध्ये हे `ऑटो सराउंड` नावाच्या स्वतंत्र सेटिंगखाली आहे, जोडी लावण्याच्या सेटिंगनं ते बदलत नाही. ते बंद करू नका असं मी सांगेन, कारण गुंडाळणं ही या सगळ्यातली सगळ्यात भरवशाची सोय आहे. तिथे सुरुवात आणि शेवट दोन्ही तुम्हीच दाखवलेले असतात, अंदाजाचा प्रश्नच नसतो. ऑपरेटर बदलायचा असेल तेव्हा निवडून आधी खोडावं आणि मग लिहावं.

एकेरी अवतरणचिन्ह, सगळ्यात अवघड

`<` ला निदान मिटवणारं चिन्ह वेगळं आहे. `'` ला तेही नाही. उघडणारं आणि मिटणारं एकच, शिवाय कामं ढीगभर. पायथनमध्ये स्ट्रिंग. सी मध्ये एकाच अक्षराचं मूल्य. रस्टमध्ये अक्षराचं मूल्य, लाइफटाइम (संदर्भ किती वेळ वैध राहतो त्याची खूण) आणि लूपचं लेबल, तिन्ही. लिस्पमध्ये `हे मोजू नकोस, आहे तसं ठेव` अशी खूण, जिला जोडीदारच नसतो. हॅस्केलमध्ये नावाचा भाग. सी++ मध्ये 2014 च्या प्रमाणापासून आकड्यातला विभाजक, `1'000'000`. आणि इंग्रजी कॉमेंटमध्ये लोपचिन्ह, म्हणजे अपॉस्ट्रॉफी.

एडिटर इथे सहसा दोन युक्त्या वापरतात. पहिली, ओळीवर ते चिन्ह किती वेळा आलंय ते मोजायचं. विषम असेल तर आता मिटवायचं आहे असं समजून जोडी लावायची नाही. याच ओळीच्या शेवटी कॉमेंटमध्ये एक लोपचिन्ह पडलेलं असेल तर मोजणी उलटी होते, आणि त्या एकाच ओळीवर एडिटर विचित्र का वागतो ते कळत नाही. असं झालं तर कारण ओळीच्या दुसऱ्या टोकाला शोधा. दुसरी युक्ती, डावीकडे शब्दातलं अक्षर असेल तर जोडी लावायची नाही. ही जास्त चांगली. सी++ चे आकडे, लोपचिन्हं, हॅस्केलची नावं, सगळं हिच्यात बसतं.

रस्टसाठी यात थोडी भर पडली की काम झालं : डावीकडे `&` किंवा `<` असेल तरीही जोडी नको, कारण तिथे लाइफटाइमच येण्याचा संभव जास्त. निओव्हिमच्या ऑटोपेअर्स प्लगिनात रस्टसाठी याच धर्तीचा वेगळा नियम आहे. लिस्प आणि स्कीममध्ये मात्र अट-बिट लावत बसू नका. त्या फाइलप्रकारांसाठी `'` ची आणि उलट्या अवतरणचिन्हाची म्हणजे बॅकटिकची जोडी सरळ बंद करा. व्हीएस कोडमध्ये `ऑटो क्लोजिंग कोट्स` हे कंसांपासून वेगळं सेटिंग आहे आणि ते एका भाषेपुरतं `नेव्हर` करता येतं. दुहेरी अवतरणचिन्हाची जोडीही त्याबरोबर जाते, एवढी किंमत मोजावी लागते.

आता जी गोष्ट देवनागरीत कॉमेंट आणि मजकूर लिहिणाऱ्यांना हमखास नडते ती. `डावीकडे शब्दातलं अक्षर` ही अट प्लगिनात कशी लिहिली आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला (मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीतला) `शब्दातलं अक्षर` हा तयार वर्ग म्हणजे फक्त 63 चिन्हं : इंग्रजी लहान-मोठी अक्षरं, दहा आकडे आणि अधोरेषा. ल्युआ भाषेचे पॅटर्न बाइट-बाइट मोजतात, त्यांनाही देवनागरी अक्षर म्हणून ओळखू येत नाही. पायथनचं अंगभूत रेजेक्स `घ` आणि `र` यांना शब्दात धरतं, पण काना, मात्रा, वेलांटी यांना धरत नाही. म्हणजे `घर` नंतरचं `'` नीट येईल आणि `घरी` नंतर एकाचे दोन होतील. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्लगिन कधी नीट चालतं कधी नाही असं वाटलं. दहा-बारा शब्द एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे `'` दाबत गेलो, तेव्हा लक्षात आलं की स्वरचिन्हावर संपणारे शब्द तेवढे बिघडतात.

उपाय अट उलटी लिहिण्यात आहे. `डावीकडे शब्दातलं अक्षर नको` असं न म्हणता `डावीकडे मोकळी जागा, उघडता कंस, स्वल्पविराम किंवा बरोबरचं चिन्ह असेल तरच जोडी` असं म्हणा. मग लिपी कोणतीही असो, प्रश्न येत नाही. व्हीएस कोड शब्दाची हद्द वेगळ्या विभाजक चिन्हांच्या यादीवरून ठरवतो. यादीत नाही ते शब्दातलं, असा त्याचा हिशेब, म्हणून तिथे काना-मात्रा बिनबोभाट चालतात.

दाबलं तरी काहीच उमटत नाही

ही तक्रार उलट्या दिशेची, पण मूळ तेच. `फ(ग(क)` अशी ओळ आहे, एक `)` कमी आहे. कर्सर शेवटच्या `)` च्या आधी आहे, `)` दाबलं, कर्सर पुढे सरकला, पण कंस एकच. एडिटरला वाटलं आपण असलेला कंस ओलांडतोय. `$` आणि `|` यांच्याशीही हेच घडतं. लेटेकमध्ये (गणिती मजकूर मांडायच्या भाषेत) `$` च्या जोडीत बसून दुसरा `$` दाबला की बाहेर पडतो, `$$` होत नाही.

व्हीएस कोडमध्ये याला `ऑटो क्लोजिंग ओव्हरटाइप` म्हणतात. ते `ऑटो` वर ठेवा. तेव्हा एडिटरनं स्वतः घातलेलं चिन्हच तो ओलांडू देतो, तुम्ही हातानं लिहिलेलं नाही. `ऑलवेज` वर असेल तर वरचा प्रकार होणारच. ज्या प्लगिनात असा फरकच नाही, तिथे कर्सर शेवटच्या कंसाच्या नंतर नेऊन लिहा. तिथे ओलांडायला काही नसल्यामुळे कंस उमटतो.

तिहेरी अवतरणचिन्हांत चार किंवा सहा चिन्हं येत असतील तर प्लगिनाला तिहेरीचा वेगळा नियम हवा आहे. तो एकेरीच्या नियमाच्या आधी तपासला जायला हवा.

जोडीदार नसलेले कंस

शेलच्या `केस` मध्ये प्रत्येक पर्याय `सुरू)` असा लिहितात. उघडणारा कंस नाहीच. साधा हिशेब ठेवणारा एडिटर इथे घसरतो आणि खालच्या पन्नास ओळींतले कंस चुकीचे रंगवतो. फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणानुसार तिथे `(सुरू)` असा पूर्ण कंस लिहिलेलाही चालतो. मी आता सगळीकडे तसाच लिहितो. एडिटर सुधारतो, आणि वाचणाऱ्यालाही तो कंस कशाचा हे शोधावं लागत नाही.

कॉमेंटमध्ये `[0, 1)` असा अर्धा उघडा अंतराल (0 धरून, 1 वगळून) लिहिला की तोच प्रश्न. इथे नियम साधा : कॉमेंट आणि स्ट्रिंगमध्ये जोडी लावायची नाही आणि तिथले कंस मोजायचेही नाहीत. व्हीएस कोडच्या भाषा-कॉन्फिगरेशनमध्ये प्रत्येक जोडीला `स्ट्रिंगमध्ये नको, कॉमेंटमध्ये नको` असं सांगता येतं. तसं सांगूनही जोडी लागत असेल तर कमांड पॅलेटमधून `इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स` चालवा आणि कर्सर त्या जागी न्या. टोकनचा, म्हणजे कोडच्या त्या तुकड्याचा, प्रकार `कॉमेंट` दिसायला हवा. `अदर` दिसला तर दोष जोड्यांचा नाही, रंग देणाऱ्या व्याकरणाला ती कॉमेंट वाटलेलीच नाही.

रंगांचं सेटिंग जोडी लावण्यापासून वेगळं आहे हेही इथेच ध्यानात घ्या. कंस लाल दिसतो म्हणून जोडीचं सेटिंग बदलून काही होत नाही.

बदल केल्यावर तपासणी

प्लगिन अपडेट झालं की नियम बदलतात, म्हणून मी एक छोटी फाइल ठेवली आहे. त्यातल्या ओळी चिकटवायच्या नाहीत, एकेक की दाबून लिहायच्या, आणि मिटणारी चिन्हंसुद्धा हातानंच दाबायची :

```
वय < 18
वय<18
लिस्ट<मॅप<स्ट्रिंग, इंट>>
&'अ स्ट्रिंग
'घर' आणि 'घरी'
1'000'000
फ(ग(क))
'(क ख ग)
```

आठही ओळी इथे दिसतात तशाच उमटल्या तर नियम बरोबर बसले. बहुधा दुसरी आणि आठवी ओळ शेवटपर्यंत हट्ट करतात. दुसरीसाठी `<` चा नियम काढून टाकावा लागतो, आठवीसाठी फाइलचा प्रकार लिस्प म्हणून ओळखला गेला आहे ना ते आधी पाहावं लागतं, कारण नावाच्या शेवटी प्रकार सांगणारी अक्षरं नसलेली फाइल पुष्कळदा साधा मजकूर म्हणून उघडते आणि तिला लिस्पचा नियम लागतच नाही.